भाटव्यांची घरपाहणी

नागपुरात बांधून झालेलं, बांधायला घेतलेलं किंवा नुसतंच गुळगुळीत कागदावर छापलेलं असं एकही घर नसेल, जे आमच्या भाटव्यांनी नापसंत केलेलं नाही. भाटवे म्हणजे बहिणीचा नवरा, माझ्या थोरल्या ताईचे यजमान. तोंडावर मी त्यांना भाऊजी म्हणते, पण आमच्या नरखेडकडच्या गोतावळ्यात त्यांचा उल्लेख भाटवे असाच होतो आणि तोच त्यांना शोभतो. हा गृहस्थ ताईला पाहायला आला तेव्हा चहा निवायच्या आत "पसंत आहे" म्हणून मोकळा झाला होता. आईला तर कित्येक दिवस शंका होती की यांनी मुलीकडे पाहिलं की चिवड्याकडे. त्याच माणसाने पुढे घर पाहायला सुरुवात केली, आणि घर पाहता पाहता त्यांचा मुलगा बालवाडीतून इंजिनिअरिंगला गेला, पुण्याला नोकरीला लागला, तिथे त्याने स्वतःचा फ्लॅटही घेतला, आणि भाटवे आपले धरमपेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांतून दर रविवारी नेमाने घर पाहायला निघतच होते. लोक रविवारी सिनेमाला जातात, कुणी देवाला जातात. ताई आणि भाटवे साइटवर जात. ताई त्यासाठी इस्त्रीची साडी वेगळी काढून ठेवायची.

स्कूटरवर मागे बसलेल्या ताईच्या मांडीवर एक कापडी पिशवी असे. पिशवीत स्टीलचा एक ग्लास, गाठी मारलेली सुतळी, पाण्याची रिकामी बाटली आणि घडी घातलेली छोटी सतरंजी. भाटवे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, त्यामुळे जगातल्या कुठल्याही जमिनीकडे ते एकाच दृष्टीने पाहत: पाणी कुठे जाईल? फ्लॅट दाखवणारा मुलगा कपाटं, दिवे, झुंबर दाखवत असायचा तेव्हा हे ग्लासभर पाणी घेऊन मोरीत उकिडवे बसलेले असत. पाणी ओतायचं आणि ते जाळीकडे जातं की दाराकडे, ते पाहायचं. मानेवाड्याच्या एका सॅम्पल फ्लॅटमध्ये मोरीने समाधान झालं नाही म्हणून त्यांनी दिवाणखान्यातल्या चकचकीत फरशीवरही ग्लास रिकामा केला. पाणी शांतपणे देवघराच्या कोपऱ्याकडे निघालं. तेवढ्यात स्वतः बिल्डर, पांढऱ्याशुभ्र शर्टात, हात जोडून "या, या" करत आत आला आणि हात जोडलेल्या अवस्थेतच सोफ्यावर जाऊन पडला. भाटव्यांनी त्याला उठवलं, शर्ट झटकून दिला आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "पाहा, तुमाले मी सांगणारच होतो. उतार उलटा आहे."

सुतळी होती ती कूलरची. नागपूरबाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, पण आमच्याकडे मे महिन्यात घराची किंमत एकाच गोष्टीवर ठरते, खिडकीला कूलर लागतो की नाही. आणि भाटव्यांचा कूलर म्हणजे काही हल्लीचं प्लास्टिकचं खेळणं नव्हे. आमच्या बाबांनी त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात इतवारीतून करवून दिलेली ती लोखंडी वास्तू होती. कपाटाएवढी. सुरू झाली की शेजारच्यांच्या घरातलं कॅलेंडर हलायचं. सुतळीवरच्या गाठी या कूलरच्या उंची-रुंदीच्या. नव्या फ्लॅटांच्या सरकत्या काचेच्या खिडक्या अर्ध्याच उघडतात हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा भाटव्यांनी फ्लॅट दाखवणाऱ्या मुलाला गंभीरपणे विचारलं होतं, "अर्धी खिडकी उघडते म्हणता. मंग मी अर्धाच कूलर आणू काय?" तो बिचारा म्हणाला, सर, आजकाल सगळे एसीच लावतात. त्यावर भाटव्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, एसीनं माणूस थंडा होते. झोप येते ते कूलरनंच."

झोपेचीही परीक्षा असे, म्हणून तर सतरंजी. भर मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, ते सॅम्पल फ्लॅटच्या बेडरूममध्ये सतरंजी अंथरून आडवे होत. भिंती किती तापतात हे त्याशिवाय कळत नाही असं त्यांचं म्हणणं. आता माणूस परीक्षेपुरतं पडेल आणि उठेल. पण भाटवे घोरायचे. एकदा ते असे झोपलेले असताना दुसरं गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको आणि सासूबाई. सासूबाईंनी दारातून आत डोकावून ताईला हळूच विचारलं, "हे पहिल्यापासून इथंच राहतात काय वं?" ताई सांगते, मला त्या दिवशी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण फरशी नवी होती.

आणि शेवटची परीक्षा ताईच्या वाट्याची. येताना बाटलीत साइटवरचं बोअरचं पाणी भरून आणायचं आणि सोमवारी त्या पाण्यात तुरीचं वरण शिजवायचं. पाणी जड असलं की डाळ कितीही शिट्ट्या झाल्या तरी दाण्याला दाणा वेगळाच राहतो, हे आम्हा विदर्भातल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. पण भाटव्यांसाठी हा विज्ञानाचा विषय होता. अर्ध्या नागपूरचं पाणी ताईच्या कुकरातून गेलं. कित्येक सोमवारी त्या घरात लोकांनी वरण चावून खाल्लं. "न शिजलेली डाळ खाऊन पोरगा मोठा झाला माझा," असं ताई हसत सांगायची. मग भाटवे म्हणायचे, "म्हणूनच दात मजबूत आहेत त्याचे."

या सगळ्यातून एखादं घर पार पडलं, तरी भाटव्यांकडे आणखी काहीतरी असायचंच. एक पद्धत मी नेहमी पाहिली. फ्लॅट दाखवणारा शेवटी किमतीचा कागद पुढे सरकवायचा. भाटवे तो वाचायचे, नीट घडी घालून वरच्या खिशात ठेवायचे, आणि म्हणायचे, "मोरी एकदा आणखी पाहतो." त्या दुसऱ्या फेरीत खोट हमखास सापडायची. जिना अंधारा आहे. लिफ्टमध्ये पलंग जात नाही. समोर लग्नाचं लॉन आहे, बँड वाजेल. बेस्याला त्यांनी एक प्लॉट पाहिला होता, त्या काळी तिथे नुसती शेतं होती. "कोल्हे ओरडतात" म्हणून नापसंत केला. आज त्या प्लॉटवर सात मजली इमारत आहे आणि कोल्ह्यांना तिथे घर परवडत नाही. शहर वाढत गेलं आणि भाटव्यांनी नापसंत केलेल्या जागांचे भाव वाढत गेले. अमुक एक भाग महागणार का हे विचारायचं असेल तर भाटव्यांनी तो नाकारलाय का ते विचारा, असं माझे यजमान म्हणायचे.

मी स्वतः खामल्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तो एका आठवड्यात. शेजाऱ्यांचा टीव्ही आमच्या बेडरूममध्ये ऐकू येतो, स्वयंपाकघरात दोन बायका उभ्या राहिल्या तर एकीला हॉलमध्ये यावं लागतं. पण घेऊन टाकला. वास्तुशांतीला भाटवे आले, सगळीकडे फिरले, पुरणपोळी जेवले आणि निघताना मला म्हणाले, "बरं केलं पोरी, घेऊन टाकलं. फक्त तुह्या किचनचा उतार देवाकडे आहे." मी म्हटलं, भाऊजी, थोडी तडजोड करावी लागते. हा शब्द त्यांना अजिबात खपत नसे. चप्पल घालता घालता ते थांबले. "तडजोड माणसानं लग्नात करावं. घरात नाही." ताई मागे पानाचा विडा घेऊन उभी होती. "ऐकून राहिली मी," ती म्हणाली.

मग धरमपेठेतले म्हातारे घरमालक वारले. भला माणूस होता. वर्षानुवर्षं त्याने भाडं नावापुरतं वाढवलं होतं, आणि आपण शहराच्या मधोमध कुणाच्या चांगुलपणावर राहतोय याचा आम्हा सगळ्यांनाच विसर पडला होता. मुलं परदेशात. त्यांनी घर बिल्डरला दिलं आणि उन्हाळा संपायच्या आत खोल्या रिकाम्या करा असा निरोप आला. भाटवे त्याच वर्षी निवृत्त झाले होते. ताईचं सगळं आयुष्य त्या गल्लीत होतं. गुरुवारचं भजनी मंडळ, दारावर येणारा भाजीवाला, कुंपणावरून वाटीभर काहीतरी देणारी-घेणारी शेजारीण. तिने एवढंच म्हटलं, "आसपास कुठं मिळालं तं पाहा." आसपास! धरमपेठेत तेव्हा ज्या भावाने फ्लॅट जात होते त्यात भाटव्यांची फंडाची सगळी रक्कम घातली असती तरी एक बेडरूम आणि मोरी आली असती. पण हे ते बोलले नाहीत. ते दोन रविवार धरमपेठेत हिंडले आणि तिथली हवा बिघडलीय असं सांगत परत आले.

शेवटी घर घेतलं ते हिंगण्याच्या रस्त्याला, कारखाने मागे टाकून पुढे गेलं की प्लॉट पाडून केलेल्या एका नव्या ले-आउटमध्ये. छोटंसं रो-हाउस. मे महिना होता. मीही बरोबर होते. पाणी ओतलं, ते शहाण्या मुलासारखं जाळीकडे गेलं. सुतळी लावली, खिडकी कूलरच्या मापाची, जणू आमच्या बाबांनीच माप दिलेलं. सतरंजी अंथरली, भाटवे असे झोपले की दाखवणारा मुलगा दोनदा येऊन श्वास चालू आहे ना ते पाहून गेला. बाटलीतल्या पाण्यात सोमवारी वरण असं शिजलं की रवीही लावावी लागली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, किमतीचा कागद त्यांनी वाचला, घडी केली, खिशात ठेवला. मी वाट पाहिली. ते मोरी पाहायला गेले नाहीत. "घेऊ," म्हणाले. मला त्यांचा एवढा अभिमान वाटला की मी तिथल्या तिथे सगळ्यांना उसाचा रस पाजला.

मे महिन्यात काळी माती दगडासारखी असते. तिच्यावरून ट्रक जातो. ज्या माणसाने उभी नोकरी काळ्या मातीतून कालवे काढण्यात घालवली, त्याला हे विचारायचं सुचलं नाही की या ले-आउटचा रस्ता पावसाळ्यात कुठे जातो. तो कुठेही जात नाही. तो खाली जातो, आणि जो त्यावर उभा असेल त्याला बरोबर घेऊन जातो. जुलैत मी पहिल्यांदा गेले तेव्हा ऑटोवाल्याने डांबरी रस्त्यावरच मला उतरवलं. तिथे एक पानठेला होता आणि पानठेल्याच्या मागच्या दोरीवर गमबूट टांगलेले होते, रांगेने, प्रत्येकावर ऑइलपेंटने घर नंबर. ले-आउटचे लोक कामावर जाताना चिखलाचे बूट तिथे काढत आणि ठेल्यावर ठेवलेले आपले जोडे घालून शहरात जात. परत येताना उलटं. ही व्यवस्था कुणी लावली असेल ते मला विचारावं लागलं नाही, कारण भाटवे माझ्यासाठी एक जोड हातात घेऊनच उभे होते. "तुह्या मापाचे आणले," अभिमानाने म्हणाले. मी म्हटलं, चपलेवर येते मी, एवढं काय. माझी डावी चप्पल अजून तिथेच आहे.

भाटव्यांचा चेहरा मात्र जराही उतरला नव्हता. "माती कशी कसदार आहे पाह्यलं?" ते मला उपसून काढता काढता म्हणाले. त्या घराबद्दल एक वाईट शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. घर लांब आहे म्हटलं की म्हणत, "आपण तं इथंच आहो, शहर तिकडं जाऊन बसलं." कारखान्याच्या भोंग्याने दचकायला होतं म्हटलं की म्हणत, "घड्याळाले चावी द्याचं काम नाही." शिफ्ट सुटली की मोटरसायकलींचा लोंढा ले-आउटबाहेरच्या डांबरी रस्त्याने जायचा आणि पाऊण तास पलीकडे जाता यायचं नाही, तर हे खुर्ची टाकून बसत आणि म्हणत, "रोज यात्रा पाहाले भेटते." धरमपेठ पंधरा मिनिटांवर आहे असं ते छातीठोकपणे सांगत. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं तेव्हा जवळपास तास लागला. त्यांनी मला सांगितलं की मी चुकीच्या वेळेला निघाले. बरोबर वेळ कोणती? तर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे.

ताई काही बोलत नसे. माझा राग तिथेच होता. गुरुवारच्या भजनाला ती गमबूट, मग बस, मग दुसरी बस असं करत यायची. भजन अर्धं झालेलं असायचं, आणि शेवटची आरती व्हायच्या आत निघायची. पुढे पुढे एक गुरुवार सुटायला लागला, मग दोन. एका गुरुवारी ती आलीच नाही तेव्हा मी तणतणत तिच्या घरी पोचले. ताई बाजूच्या घरी गेली होती. भाटवे कूलरची खस बदलत होते. मी त्यांना नको ते बोलले. "साऱ्या गावची घरं नाकारलीत, आणि शेवटी माझ्या बहिणीला रानात आणून टाकलंत." नेहमीसारखं उत्तर येईल, त्यावर मी भांडेन, असं मी ठरवून आले होते. पण ते खशीच्या काड्या एकेक करून जाळीत खोचत राहिले. मग म्हणाले, "चहा ठेवतो तुले." आणि स्वतः ठेवला. साखर विसरले. मी तसाच प्यायले.

त्यानंतरच्या रविवारी त्यांची स्कूटर मला खामल्याच्या चौकात दिसली. मागे ताई, इस्त्रीच्या साडीत, मांडीवर कापडी पिशवी. मला वाटलं, डोळे बिघडले माझे. संध्याकाळी फोन केला तर भाटवेच बोलले. "हो ना, एक साइट होती नवीन." मी म्हटलं, भाऊजी, आता तर घर झालं ना? मग त्यांनी आवाज लहान केला, बहुधा ताई आसपास असावी. "तुह्या ताईचं मन तिकडंच आहे वं. बोलत नाही ते. मी आपला पाहून ठेवतो. कधी काय जमते, कोणाले माहीत." आणि फोन ठेवता ठेवता आठवण झाल्यासारखे म्हणाले, "मोरी चांगली होती. पण गॅलरी उत्तरेले."

ताईला मी नंतर गाठलं. तू कशाला जातेस त्यांच्याबरोबर, स्पष्ट सांगून टाक ना. ताई हसली. "जाऊ दे वं. सहा दिवस मातीत राह्यतो, एक दिवस एसीत बसतो. कॉफी देतात, समोसा देतात, मऊ सोफा असते. आणि तुह्या भाऊजीले वाटते, आपण काहीतरी करून राहिलो." मी विचारलं, तुला खरंच तिथे करमतं का? बाजूच्या घरातल्या बाईला चकल्या बिघडतात, तिला भाजणी कशी करायची ते शिकवायला जायचं आहे, असं म्हणून ती उठली.

गेल्या हिवाळ्यात धरमपेठेतल्या त्या जुन्या घराच्या जागी टॉवर उभा झाला. सॅम्पल फ्लॅट पाहायला खुला आहे अशी पाटी मीच पाहिली आणि मूर्खासारखी ताईला फोनवर बोलून गेले. रविवारी दोघं हजर. मला राहवलं नाही, मीही गेले. जिथे घरमालकांचं तुळशीवृंदावन होतं तिथे आता काचेचं दार होतं आणि टाय लावलेली एक गोड मुलगी. तिने आम्हाला तिसऱ्या मजल्यावर नेलं. अंगणातला जुना कडुनिंब मात्र ठेवला होता बिल्डरने. गॅलरीत उभं राहिलं की हाताला पानं लागत होती.

भाटव्यांनी ग्लास काढला. पाणी जाळीकडे गेलं. सुतळी लावली. बिल्डर नागपूरचाच असावा, कारण खिडकीबाहेर कूलरसाठी लोखंडी कठडा आधीच बसवलेला होता, आणि आमची ती कपाटाएवढी वास्तू त्यात आरामात मावली असती. जिना उजेडाचा. लिफ्टमध्ये पलंग काय, पलंगावर माणूस झोपवून नेता आला असता. पाणी बोअरचं नाही, नळाचं. त्या गल्लीत ताईने अर्धं आयुष्य ज्या पाण्यात वरण शिजवलं, तेच. मुलीने किमतीचा कागद पुढे केला. भाटव्यांनी तो वाचला. घडी घातली, खिशात ठेवला. "मोरी एकदा आणखी पाहतो," म्हणाले.

ते आत गेले आणि लवकर बाहेर आलेच नाहीत. मी दारातून पाहिलं. ते मोरीच्या मधोमध उभे होते, हातात रिकामा ग्लास, आणि भिंतीकडे, छताकडे, नळाकडे पाहत होते. मग स्वयंपाकघरात गेले. ओट्यावरून हात फिरवला. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. बेडरूममध्ये गेले. कुठे काही सापडत नव्हतं. तेव्हा, इतक्या वर्षांनी, माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसाने जन्मात एकही घर महाग आहे म्हणून नाकारलं नव्हतं. बायकोसमोर 'आपल्याला परवडत नाही' हे तीन शब्द उच्चारावे लागू नयेत म्हणून त्याने कोल्हे शोधले, बँड शोधले, उत्तरेच्या गॅलऱ्या शोधल्या. आणि आज, नेमक्या याच घरात, त्याच्या हाती काही लागत नव्हतं. मी त्यांना रानाबद्दल बोलले होते ते मला आठवलं आणि तिथे उभं राहवेना.

ताई गॅलरीत होती. कडुनिंबाची एक काडी धरून खाली गल्लीत पाहत होती. भाजीवाल्याची गाडी खाली उभी होती, तोच भाजीवाला. ती किती वेळ तशी उभी होती कुणास ठाऊक. मग ती आत आली, तिने एकदा भाटव्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या मुलीला विचारलं, "गच्चीवर जाता येते काय?"

मुलगी म्हणाली, गच्चीवर गार्डन आहे मॅम, जिम आहे, सगळ्यांसाठी आहे.

"तसं नाही. वाळवण घालता येते काय? कुरड्या, सरगुंडे, वड्या?"

मुलगी गोंधळली. म्हणाली, नाही मॅम, तिथे काही वाळत घालायला परवानगी नाही.

"मंग कसं होईल?" ताई भाटव्यांकडे वळली. तिचा आवाज मी असा ठाम कधी ऐकला नव्हता. "अहो, इथं तं वाळवणाची सोयच नाही. उन्हाळाभर मी करू काय? आपल्या घरी एवढी मोठी गच्ची आहे, ते सोडून इथं कायले याचं?"

भाटव्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त परत आलं. त्यांनी ग्लास पुसला, पिशवीत टाकला आणि त्या मुलीला सॅम्पल फ्लॅटभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "फ्लॅट चांगला आहे बेटा. मेहनत केली तुमी. पण वाळवणाले गच्ची नाही म्हणजे मंग काही अर्थ नाही. हे माह्या ध्यानातच आलं नव्हतं." आपल्या ध्यानात काही आलं नाही, असं ते उभ्या जन्मात पहिल्यांदा कबूल करत होते, आणि ते करताना इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खाली येऊन त्यांनी आम्हाला तर्री-पोहे खाऊ घातले. मग ताईने साडीचा पदर खोचला, पिशवी मांडीवर घेतली आणि स्कूटर हिंगण्याच्या दिशेने निघाली, शिफ्ट सुटायच्या आत पोचलं पाहिजे म्हणून जरा जास्तच वेगाने.

मला हसू येत होतं. कारण ताईने आजवर एक कुरडई केलेली नाही. आमच्या दोन्ही घरच्या कुरड्या दर वर्षी नरखेडच्या आत्याकडून डबा भरून येतात आणि तशाच तळल्या जातात. वाळवण या प्रकाराचा तिला लहानपणापासून कंटाळा.

या मार्चमध्ये तिचा फोन आला. भाऊजींनी गच्चीचा उतार पाहून ठेवलाय, प्लास्टिक आणलंय, कावळ्यांसाठी काठीला काळा कपडा बांधून झालाय, आणि रोज सकाळी विचारतात कधी घालतेस म्हणून. मग आवाज अगदी लहान करून तिने विचारलं, "कुरड्यांचे गहू किती दिवस भिजवतात वं?"

मलाही माहीत नव्हतं. तिला थांबायला सांगितलं आणि मी आत्याला फोन लावला.